ट्रक ड्रायव्हर म्हणून पहिली कंपनी निवडताना
भावा, नुसता पगाराचा आकडा बघून हो म्हणू नको. किलोमीटरमागे पैसे देत असतील तर रिकामी गाडी परत आणतानाचे धरतात का, आणि लोडिंगला सात-आठ तास ताटकळलास तर त्याचं काय ते आधी विचार, खरी कमाई तिथंच गळते. मग यार्डात जाऊन टायर बघ. मी एका ठिकाणी पुढचाच टायर गुळगुळीत झालेला बघितला, हात फिरवला तर बोटाला टायरच्या आतली तार लागली, तिथूनच मागे फिरलो. जुन्या ड्रायव्हरला विचार, ब्रेकची तक्रार केली तर गाडी थांबवतात की 'एवढी ट्रिप मारून ये' म्हणतात? ट्रेनिंगचा बाँड, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार, वाचल्याशिवाय सही करू नको. सुरुवातीला सोबत चांगला सिनिअर देत असतील तर दोन पैसे कमी घे पण तिथंच लाग.