अमेरिकेतून परतल्यानंतर नावावर निघालेले क्रेडिट कार्ड: फ्रीझ पुरेसे आहे का?

प्रश्न: न्यू जर्सीत काही वर्षे नोकरी करून मी पुण्याला परतले. तिथले एक बचत खाते अजून चालू आहे, मोबाइल क्रमांक मात्र बंद झाला. एडिसनमधल्या जुन्या पत्त्यावर माझ्या नावे क्रेडिट कार्डाची थकबाकी मागणारे एका बँकेचे पत्र आले आहे. हे कार्ड मी कधीच घेतलेले नाही. इथून क्रेडिट फ्रीझ करता येईल का आणि त्याने हे प्रकरण मिटेल का? परत जायचे नाही तर दुर्लक्ष कर, असे घरचे म्हणतात.

उत्तर: घरच्यांचा सल्ला कृपया मानू नका. व्हिसा संपला तरी सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे अमेरिकेत कर्ज मागताना ओळखीसाठी द्यावा लागणारा सरकारी क्रमांक, संपत नाही. तो आयुष्यभर आपलाच राहतो आणि ज्याच्या हाती तो लागला आहे त्याला त्यावर पुन्हा कर्ज मागता येते. शिवाय बँकेने दावा लावला आणि आपल्या बाजूने कोणीच हजर झाले नाही, तर एकतर्फी निकाल होऊन त्या बचत खात्यावर टाच येऊ शकते.

फ्रीझ, म्हणजे आपला पत-अहवाल (कर्जव्यवहारांची नोंद) नव्या सावकारांसाठी बंद करणे, इथूनही करता येते. अमेरिकेच्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्याने तो आपला हक्क आहे आणि २१ सप्टेंबर २०१८ पासून त्यासाठी शुल्क घेता येत नाही. इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या पत-अहवाल ठेवणाऱ्या तिन्ही संस्थांकडे मात्र वेगवेगळा अर्ज करावा लागतो. (फ्रॉड अलर्ट, म्हणजे कर्ज देण्यापूर्वी ओळख नीट तपासावी अशी सूचना, एकीला कळवला की ती इतर दोघींना कळवते, फ्रीझचे तसे नाही, आणि इथेच अनेकांची गफलत होते.) ऑनलाइन किंवा फोनवरून मागणी केल्यास एका कामाच्या दिवसात आणि टपालाने केल्यास पत्र पोहोचल्यापासून तीन कामाच्या दिवसांत फ्रीझ लागू करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. तिथला मोबाइल नसल्याने ऑनलाइन ओळख पटवताना अडचण आली, तर टपालाचाच मार्ग धरावा. पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी कार्ड व सध्याच्या पत्त्याचा पुरावा यांच्या प्रती जोडून पत्रात जन्मतारीख आणि अमेरिकेतले सर्व जुने पत्ते क्रमाने लिहावेत. या संस्था अहवाल बंद ठेवणारी ‘लॉक’ नावाची सेवाही देतात. ती त्यांच्या करारावर चालते, तर फ्रीझला कायद्याचा आधार आहे. त्यामुळे फ्रीझच मागावे.

परंतु फ्रीझने फक्त पुढचे नवे कर्ज अडते, कारण नव्या सावकाराला आपला अहवालच पाहता येत नाही. आधीच निघालेल्या कार्डाला त्याने काहीही होत नाही. त्याचा उपाय वेगळा आहे आणि आपल्या प्रकरणात तोच अधिक तातडीचा आहे. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहक संरक्षण पाहणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्ह या संकेतस्थळावर ओळखचोरीची तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. ही तक्रार शपथेवर दिलेल्या जबाबासारखी असते, म्हणून खात्रीने ठाऊक आहे तेवढेच लिहावे. ती प्रत, ओळखीचा पुरावा, नेमकी कोणती नोंद खोटी आहे याचा तपशील आणि हा व्यवहार आपला नाही असे निवेदन तिन्ही संस्थांना पाठवल्यास, ते मिळाल्यापासून चार कामाच्या दिवसांत ती नोंद अहवालातून रोखण्याची तरतूद याच कायद्यात आहे. मागोवा घेता येईल अशाच टपालाने पाठवावे आणि पावत्या जपून ठेवाव्यात.

बँकेच्या फसवणूक विभागालाही तक्रारीच्या प्रतीसह लेखी कळवून खाते बंद करण्यास सांगावे. त्याच पत्रात कार्डाचा मूळ अर्ज व व्यवहारांच्या नोंदी मागाव्यात. ओळखचोरीला बळी पडलेल्या व्यक्तीने रीतसर पुराव्यांसह मागणी केल्यास ३० दिवसांत ही कागदपत्रे विनामूल्य द्यावी लागतात. अर्जावरचा पत्ता, फोन क्रमांक आणि सही पाहिल्यावर हा अर्ज आपला नव्हता हे दाखवणे पुष्कळ सोपे होते, आणि अर्जाची तारीख आपण परतल्यानंतरची निघाली तर पासपोर्टवरील शिक्के फार मोलाचे ठरतील.

तोवर प्रकरण मिटावे म्हणून लहानशी रक्कमही भरू नका. ते कर्ज मान्य केल्यासारखे होते. थकबाकी वसुली संस्थेकडे गेली, तर तिची अधिकृत नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी हरकत घ्यावी, म्हणजे कर्जाची पडताळणी करून देईपर्यंत तिला वसुली थांबवावी लागते. न्यायालयाचे समन्स आले तर मात्र पत्रव्यवहारावर विसंबून न राहता लगेच न्यू जर्सीतील वकील नेमावा, कारण उत्तर देण्याची मुदत थोडी असते.