झरी-जामणीच्या पोडांवर व्यसनमुक्तीचं काम : डॉलरच्या ग्रँटऐवजी पैसा कुठून आणायचा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. यवतमाळ जिल्ह्यात झरी-जामणी तालुक्यातल्या कोलाम पोडांवर (कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर) ताईंची लहानशी संस्था आरोग्याचं काम करते. दारू आणि खर्ऱ्यावर (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणावर) काहीतरी करायचं म्हणून त्या निधी शोधतायत. कुणीतरी त्यांना अमेरिकन सरकारच्या 'ग्रामीण आणि आदिवासी आरोग्य, ओव्हरडोस प्रतिबंध' (नशेच्या औषधाचा डोस जास्त होऊन येणारे मृत्यू रोखणं) अशा अनुदानाची जाहिरात पाठवली. त्यांना विचारायचंय की अर्ज करावा का, प्रस्ताव लिहून देणारा टक्क्यावर नेमावा का, आणि हे नाही तर पैसा कुठे आहे.

अर्ज करू नका. ते अनुदान खोटं नाही, पण ते तुमच्यासाठी नाही. अमेरिकेत 2021 ते 2023 या तिन्ही वर्षांत ओव्हरडोसने दरवर्षी लाखाच्या वर माणसं गेली, त्यातली बहुतेक फेंटानिलसारख्या, अफूसारखा परिणाम करणाऱ्या औषधांनी. मृत्यूचं प्रमाण सगळ्यात जास्त तिथल्या मूलनिवासी लोकांत. म्हणून त्यांच्या आरोग्य खात्याने ग्रामीण भागासाठी आणि मूलनिवासींसाठी वेगवेगळे निधी काढले. अर्जदार कोण? तिथले जिल्हे, तिथल्या संस्था, आणि तिथल्या केंद्र सरकारने मान्यता दिलेली पाचशेहून जास्त मूलनिवासी राष्ट्रं. त्यातून ओव्हरडोस उतरवणाऱ्या नॅलोक्सोन औषधाचे नाकात मारायचे फवारे घेतात, उपचार केंद्रं चालवतात. यातलं पोडावर काय उपयोगाचं?

समजा उद्या एखाद्या परदेशी फाउंडेशनने स्वतःहून पैसे देऊ केले, तरी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा, आडवा येतो. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षांची हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान 15 लाख खर्च केलेला हवा. 2020 च्या दुरुस्तीनंतर पैसा फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात येतो, प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या वर चालत नाही, आणि एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे 'नागपूरच्या मोठ्या संस्थेने घ्यावा आणि थोडा आम्हाला द्यावा' हा जुना रस्ताही बंद. कुणी तुम्हाला तसं सुचवलं तर हात जोडून नाही म्हणा, नोंदणी त्यांचीही जाते.

आता मुद्द्याचं. प्रस्तावात 'ओव्हरडोस' हा शब्द घालायचा मोह होईल, कारण जाहिरातीत तो होता. घालू नका. तुमच्याकडे माणसं कशाने मरतात ते लिहा. मी गेली बरीच वर्षं संस्थांचे हिशेब आणि प्रस्ताव बघतो. जाहिरातीची भाषा उचलून लिहिलेला प्रस्ताव कुठल्याही तपासणाऱ्याला पहिल्या पानावर कळतो.

तुमच्या भागात जीव जाण्याची वेळ येते ती बहुतेक तीन ठिकाणी. एक, भेसळीची दारू. मिथेनॉल पोटात गेलं की आधी दिसायला कमी होतं आणि मग माणूस हातचा जातो. 2015 साली मुंबईत मालवणीला शंभरावर बळी गेले ते यानेच. डायलिसिस असलेल्या रुग्णालयात वेळेत पोहोचणं हाच उपाय. दोन, फवारणी आणि कीटकनाशकं. 2017 च्या यवतमाळच्या विषबाधेबद्दल तुम्हाला मी सांगायची गरज नाही. तिसरी गोष्ट कुणी प्रस्तावात लिहीत नाही : एकाएकी दारू तुटणं. वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस, पोलिसांनी धाड टाकली, बायांनी भट्टी फोडली, दोन दिवस मिळाली नाही. हात थरथरतात, घाम फुटतो, झटका येतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होऊन बरळायला लागतो. घरचे म्हणतात अंगात आलं, आणि नेतात भुमकाकडे, म्हणजे देवदेवस्की करणाऱ्या वैदूकडे. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात डायझेपाम आणि बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन असलं आणि देणारा डॉक्टर असला तर माणूस वाचतो. गावात दारूबंदीचा ठराव करणार असाल तर त्याच्या आधी आरोग्य केंद्रात ही सोय आहे का ते बघा. मला विचाराल तर तुमच्या प्रस्तावाचा कणा हाच असावा. याला खर्च फार नाही, आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्याला 'नाही' म्हणायला कारण सापडत नाही.

आकडे लागतीलच. देशपातळीवरचे दोन पुरतात. आदिवासी आरोग्यावरच्या डॉ. अभय बंग समितीच्या 2018 च्या अहवालात नोंद आहे की 15 ते 54 वयाच्या आदिवासी पुरुषांत दारू पिणारे 51 टक्के, इतरांत 30 टक्के. आणि 2019 साली सामाजिक न्याय मंत्रालयाने जाहीर केलेल्या एम्सच्या पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या 38 माणसांमागे एकालाच काहीतरी उपचार मिळाल्याचं दिसलं. याहून जास्त देशाचे आकडे भरले की प्रस्ताव फुगतो, वजन वाढत नाही.

वजन येतं पोडाच्या आकड्याने. तो असा काढा. पोडावर बायांची बैठक घ्या, घरांची यादी फळ्यावर लिहा, आणि रोज किती खर्रे घरात येतात तेवढंच विचारा. दारूचं विचारू नका, पहिल्या बैठकीत कुणी खरं सांगत नाही. खर्ऱ्याचं मात्र सगळे हसत सांगतात. समजा 60 घरांपैकी 40 घरांत रोज 20 रुपयांचा खर्रा येतो. दिवसाचे 800, वर्षाचे 2 लाख 92 हजार. हा आकडा फळ्यावर त्यांच्याच हाताने लिहायला लावा. त्यानंतर दारूचा हिशेब बाया स्वतःहून मांडतात, थांबवावं लागतं. त्या पानाचा फोटो प्रस्तावाला जोडा. गडचिरोलीत डॉ. बंग यांची 'सर्च' संस्था, टाटा ट्रस्ट्स आणि राज्य सरकारने मिळून चालवलेलं 'मुक्तिपथ' हे व्यसनमुक्तीचं अभियान तुमच्यापासून लांब नाही. त्यांच्या गावसमित्या कशा चालतात ते एकदा जाऊन बघा, पण त्यांची छापील कागदपत्रं उचलून आणू नका. तिथे 1993 पासून जिल्ह्यात दारूबंदी आहे, तुमच्याकडे नाही. कामाची घडीच वेगळी बसते.

आणखी एक, 'दारूमुक्त पोड' असं उद्दिष्ट लिहू नका. देवकार्याला मोहाची दारू लागते, ती बंद करणार म्हटलं की पोडाच्या पंचांतल्या महाजनापासून सगळे तुमच्या विरोधात जातील आणि वर्षाअखेर अहवालात तुम्ही खोटं लिहाल. विकतची दारू, भेसळ आणि उपचार, एवढ्यावर राहा.

पैशाकडे येतो. मी तुमच्या जागी असतो तर ग्रामसभेपासून सुरुवात केली असती. राज्यात 13 जिल्ह्यांत पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे. 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी (एका ठरावीक योजनेला न बांधलेला) थेट पेसा ग्रामपंचायतींना जातो, आणि तो ज्या चार कामांसाठी आहे त्यातलं एक आरोग्य, स्वच्छता व शिक्षण. पहिलं काम म्हणजे तुमचे पोड अनुसूचित गावांच्या यादीत आहेत का ते तपासा. यवतमाळमधले तालुके सगळेच्या सगळे अनुसूचित क्षेत्रात नाहीत, एक गाव आत आणि शेजारचं बाहेर असं होतं. यादीत असेल तर ग्रामसभा कोषात किती शिल्लक आहे ते ग्रामसेवकाला किंवा पेसा मोबिलायझरला विचारा. अनेक ठिकाणी पैसा पडून असतो किंवा सगळा गट्टू-नाल्यांत जातो, कारण आरोग्यावर काय खर्च करायचा हे कुणी सुचवतच नाही.

इथे एक पथ्य पाळा. हा पैसा संस्थेच्या खात्यात मागू नका. ग्रामसभेने ठराव करावा, समितीने खर्च करावा, तुम्ही मदत करावी. रुग्णाला पांढरकवड्याला किंवा यवतमाळला न्यायची गाडी, बैठकांचा खर्च, भिंतीवरची माहिती, असल्या गोष्टी आराखड्यात घाला. मानधन बसतं की नाही ते त्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचनेत बघूनच बोला. ठरावाला गणपूर्ती असू द्या आणि बायांच्या सह्या-अंगठे जास्त असू द्या. हाच ठराव पुढे प्रत्येक प्रस्तावाला जोडता येतो. मादक पदार्थांच्या विक्रीवर निर्बंध घालण्याचा अधिकार पेसा कायद्याने ग्रामसभेला 1996 पासूनच दिलाय, त्याचा उल्लेख त्यातच करून टाका.

याशिवाय प्रत्येक महसुली गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला 10,000 रुपयांचा अबंध निधी असतो. रक्कम किरकोळ आहे, पण आशाताई त्या समितीत असते आणि ती तुमच्या बाजूची हवीच.

पांढरकवड्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात न्यूक्लिअस बजेट असतं. ज्याला कुठल्याच योजनेत जागा नाही अशी स्थानिक कामं त्यातून होतात. प्रकल्प अधिकारी बदलला की प्राधान्य बदलतं, म्हणून भेट समक्ष घ्या आणि अर्जाची पोच घ्या. कोलाम हे राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित जमातींपैकी एक, कातकरी आणि माडिया गोंड हे दुसरे दोन. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत फिरती वैद्यकीय पथकं आहेत. ती गाडी तुमच्या पोडावर कुठल्या वारी येते ते विचारा, आणि तिच्यात व्यसनाचे रुग्णही तपासावेत अशी मागणी करा. नवा पैसा न आणता सेवा वाढते ती अशी.

वणी पट्ट्यात कोळसा निघतो, म्हणून जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी यवतमाळला आहे. 2015 च्या नियमांत किमान 60 टक्के रक्कम आरोग्य, पाणी, शिक्षण अशा प्राधान्याच्या कामांना ठेवलीय, 2024 मध्ये ती 70 टक्के झाली. पण तो खाणबाधित गावांसाठी आहे, तुमची गावं त्यात मोडतात का ते आधी जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. मोडत असतील तर आरोग्य केंद्रातल्या औषधांसाठी आणि समुपदेशकासाठी हा सगळ्यात दमदार स्रोत. प्रस्ताव जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यामार्फत जाऊ द्या, संस्थेच्या लेटरहेडवर नको.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, हा पुढच्या वर्षीचा विषय. त्यासाठी सीएसआर-1 नोंदणी, आयकराच्या 12-ए आणि 80-जी नोंदण्या, सरकारच्या दर्पण पोर्टलवरचा संस्थेचा क्रमांक आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षण झालेले ताळेबंद हवेत. खाण आणि सिमेंटवाल्यांना परिसरातच खर्च करायला आवडतं, तेव्हा दार उघडं आहे. दारू किंवा तंबाखू विकणाऱ्या कंपनीकडून मात्र एक रुपयाही नको, कितीही गोड बोलले तरी. सामाजिक न्याय मंत्रालय व्यसनमुक्ती केंद्रांना अनुदान देतं, पण ते खाटांचं केंद्र, ठरलेले कर्मचारी आणि मागाहून येणारे हप्ते असं असतं. मी एक चांगली संस्था हप्ता रखडल्याने कर्मचाऱ्यांचे पगार उसनवारीवर भागवताना बघितलीय. वर्षभराचे पगार गाठीशी नसतील तर तिकडे वळू नका. तोवर रुग्णांच्या घरच्यांना 14446 हा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक आणि मानसिक त्रासासाठी टेलि-मानसचा 14416 देऊन ठेवा.

कागदांत तुमचं कुठे अडेल ते सांगतो, कारण तुम्ही लिहिलंय की मागच्या वर्षी अध्यक्ष बदलले. चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याचा अर्ज, धर्मादाय कार्यालयात दाखल केलात का? मंजूर झाला का? नसेल तर बँकेत सह्या एकाच्या, धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्टावर नाव दुसऱ्याचं, आणि तपासणीत फाइल तिथेच थांबते. हे आजच बघा, बाकी सगळं त्यानंतर. दुसरं, प्रत्येक निधीचं वेगळं रजिस्टर आणि जमलं तर वेगळं बँक खातं. केंद्र सरकारच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र 12-ए नमुन्यात द्यावं लागतं, आणि नावात घोटाळा करू नका, आयकराचं 12-ए वेगळं. गाडीभाड्याच्या पावत्या ही पोडावरच्या कामाची कायमची डोकेदुखी, कारण ऑटोवाला पावती देत नाही. छापील व्हाउचर पुस्तक ठेवा : तारीख, कुठून कुठे, कोणता रुग्ण किंवा बैठक, गाडी क्रमांक, चालकाची सही. लेखापरीक्षकाला आधीच विचारून नमुना ठरवला की मार्चमध्ये धावपळ होत नाही.

राहिला टक्क्यावर प्रस्ताव लिहून देणारा. नको. मंजूर रकमेच्या दहा टक्क्यांवर काम करणारा माणूस रक्कम फुगवतो, आणि ती टक्केवारी कुठल्याच अनुदानातून कायदेशीरपणे दाखवता येत नाही, म्हणजे पहिल्याच वर्षी खोटं व्हाउचर. तुम्ही इथे प्रश्न जितका स्वच्छ मांडलात तसंच चार पानं लिहा, फळ्याचा फोटो आणि ठराव जोडा. पैसे खर्चायचेच असतील तर वणी किंवा पांढरकवड्याचा एखादा अर्धवेळ हिशेबनीस ठरलेल्या पगारावर ठेवा. चेंज रिपोर्टची स्थिती आणि गावांची यादी इथेच टाका, कोणत्या गावाला कोणता निधी बसतो ते आपण एकेक करून बघू.