मेथीच्या वासाचं चीज

या वेळी चीजबद्दलच इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. मी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला राहते. तीन नंबरच्या ट्राममध्ये बसलं की फ्रान्स, आठ नंबरच्या बसलं की जर्मनी. त्यामुळे मला यातलं सगळं कळतं, असा काही वाचकांचा समज झालेला दिसतो. एकोणीस वर्षं विकत घेऊन, खाऊन आणि पुष्कळदा फसून जे कळलं तेवढंच सांगते.

प्रश्न : म्यूनिकला येऊन आम्हाला दोन वर्षं झाली. कोजागरीला आठ जण जेवायला यायचे आहेत. दरवेळी मी गौडा, ब्री आणि एमेंटालचे चौकोनी तुकडे टूथपिकला टोचून ठेवते. त्याचा मलाच कंटाळा आलाय. फारशी कुणाला माहीत नसलेली चीज सुचवाल का? चौघं शाकाहारी आहेत, अंडंही न खाणारी. (एक वाचक, म्यूनिक)

आधी त्या चौघांचं बघू. कारण तिथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे. एका मैत्रिणीच्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. अंड्याचा केकसुद्धा न खाणाऱ्या. मी पास्त्यावर भरपूर पार्मेजानो किसून घातलं, त्यांनी दोनदा मागून घेतलं. आठवड्यानं सूनबाईंचा फोन : "अगं, त्यात वासराच्या जठरातलं रेनेट असतं म्हणे!" असतं. दूध घट्ट बसावं म्हणून घालतात, आणि पार्मेजानोच्या नियमावलीत तर ते प्राणिजन्यच असावं लागतं. ग्रूयेरचंही तेच. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण नंतर आमच्याकडे कधी जेवल्याही नाहीत.

भारतात आपल्याला पाकिटावरचा हिरवा ठिपका बघायची सवय असते. इथे तसं काही नाही. उलट, नुसतं दूध, मीठ, विरजण आणि रेनेट एवढ्यावरच केलेल्या चीजवर घटकांची यादी छापायचीही सक्ती नाही. जर्मनमध्ये रेनेटला 'लाब' म्हणतात. पाकिटावर 'मिक्रोबिएलेस लाब' लिहिलेलं दिसलं तर बिनधास्त घ्या, ते बुरशीपासून केलेलं असतं. नुसतं 'लाब' असेल किंवा काहीच नसेल तर काउंटरवरच्या बाईंना सरळ विचारा. व्हिक्टुआलिएनमार्क्टमध्ये चीजची दुकानं आहेत, तिथे असं विचारलेलं कुणाला वावगं वाटत नाही.

तुमच्या पत्रातल्या दोन अटी, फारशी माहीत नसलेली आणि शाकाहाऱ्यांना चालणारी, एकमेकींच्या आड येत नाहीत. साय काढून लोणी केलं की मागे उरलेल्या दुधाचं काहीतरी करायचं, या गरजेतून डोंगरातल्या, गरीब मुलखातल्या लोकांनी जी चीज केली, त्यातली कित्येक नुसत्या आंबटपणावर दूध फाडून केलेली आहेत. रेनेटचा संबंधच नाही. ती फार लांब गेली नाहीत म्हणून प्रसिद्धही झाली नाहीत.

त्यातलं माझं सगळ्यात लाडकं म्हणजे शाब्त्सिगर. ग्लारुस नावाच्या लहानशा स्विस कॅन्टनमधलं, म्हणजे प्रांतातलं. बोटभर उंचीचा, फिकट हिरवा, खडूसारखा कडक शंकू. पहिल्यांदा चांदीचा कागद सोडवला आणि मी चक्क फडताळाकडे वळून बघितलं, कसुरी मेथीची बरणी उघडी राहिली की काय! वास मेथीचाच. निळसर फुलांची एक मेथी असते, आपल्या मेथीची बहीण, तिची वाळवलेली पानं दळून यात मळतात. साय काढलेलं दूध तापवून आंबट घालून फाडायचं, चोथा कित्येक आठवडे मुरवायचा, मीठ आणि मेथी घालून शंकूत दाबायचा. ग्लारुसमध्ये मोकळ्या मैदानावर सगळ्या मतदारांची सभा भरते, आजही भरते. त्या सभेनं १४६३ साली हे चीज कसं करायचं आणि त्यावर शिक्का कसा मारायचा याचा कायदा केला. तेव्हापासून ते तसंच चालू आहे.

याचा तुकडा तोंडात टाकायचा नाही, जीभ सोलवटते. बारीक किसणीवर किसायचं, दुप्पट मऊ लोण्यात कालवायचं आणि भाजलेल्या ब्रेडवर लावायचं. आमच्याकडे उकडलेल्या गरम बटाट्यावर घालतात आणि बटाटे आधी संपतात. म्यूनिकमध्ये पटकन दिसलं नाही तर स्वित्झर्लंडहून येणाऱ्या कुणाला तरी आणायला सांगा. शंकू फ्रिजमध्ये महिनोन् महिने टिकतो.

दुसरं तुमच्या कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटातही मिळेल, हार्त्सर. चकत्यांची लांबट वळकटी असते, खूप स्वस्त, चरबी जवळजवळ नाहीच. फ्रांकफुर्टकडे याच्याच भावंडाला हान्टकेझ म्हणतात आणि ते 'मिट मुझिक', म्हणजे संगीतासह वाढतात. बारीक चिरलेला कांदा, व्हिनेगर, तेल, मीठ आणि चिमूटभर शहाजिरे यांत चकत्या तासभर बुडवून ठेवायच्या. संगीत कशाचं, तर कांदा पोटात गेल्यावर जे सूर लागतात त्याचं! खायचं सुरीनं, काट्याशिवाय. घेताना वळकटी उजेडात धरून बघा. मध्ये पांढरा गाभा असेल तर चव सौम्य. सगळं पिवळसर पारदर्शक झालं असेल तर ते पिकलेलं, त्याचा वास नवख्याला झेपत नाही. तुम्ही पांढऱ्या गाभ्याचं घ्या.

तिसरं जरा महाग, पण संध्याकाळ त्याचीच होणार. तोर्ता देल कासार, स्पेनच्या एस्त्रेमादुरा भागातलं मेंढीच्या दुधाचं चीज. हे गोठवतात एका काटेरी झाडाच्या जांभळ्या फुलांनी. वाळवलेल्या फुलांचे तुरे पाण्यात भिजवायचे आणि ते पाणी दुधात घालायचं. प्राण्याचा संबंध नाही. वरची साल झाकणासारखी कापून काढायची, आत रबडीसारखं दाट, किंचित कडसर. चमच्यानं घ्यायचं आणि ब्रेडवर पसरायचं. तासभर आधी बाहेर काढून ठेवा, फ्रिजमधून थेट आणलंत तर ते गप्प बसतं.

उरलेल्या चौघांसाठी तेत द म्वान, म्हणजे साधूचं डोकं. बेलले नावाच्या मठातलं चीज, आमच्यापासून फार लांब नाही. यात प्राणिजन्य रेनेट असतं, म्हणून वेगळ्या पाटावर आणि वेगळ्या सुरीनं. हे कापत नाहीत, खरवडतात. १९८२ मध्ये निकोला क्रेव्हवाझिए यांनी त्यासाठी जिरोल नावाचं यंत्र काढलं. मध्ये दांडा, त्यावर फिरणारं पातं, फिरवलं की झालरीच्या फुलासारखी चकली निघते. पाहुण्यांच्या मुलांना यंत्र देऊन टाका, तासभर कुणी हलत नाही. हे मात्र थंडच असू द्या, गरम झालं की फूल न होता लगदा होतो.

चार प्रकार पुरे. मी पहिल्या वेळी नऊ मांडली होती आणि कुणालाच एकही आठवलं नाही. जेवणाआधी असेल तर माणशी साठ-सत्तर ग्रॅम हिशेब धरा. सोबत राईचा ब्रेड, द्राक्षं, अक्रोड आणि साधा खाकरा. जिऱ्याचा किंवा मेथीचा खाकरा नको, तो शाब्त्सिगरशी भांडतो. आणि कोजागरीचं दूध चीजनंतर निदान दीड तासानं आणा.

प्रश्न : मुलगा ऑस्लोहून तपकिरी चीजची अर्ध्या किलोची वडी घेऊन आला. यांना वाटलं खराब झालंय. मी कांदा-टोमॅटोच्या सँडविचमध्ये घालून बघितलं, कुणी तोंडही लावलं नाही. एवढ्याचं करू काय? (एक वाचक, कोथरूड)

कांदा-टोमॅटोबरोबर तुम्ही कंदी पेढा खाल का? मग हेही तसंच. नॉर्वेत याला ब्रुनोस्त म्हणतात आणि खरं तर ते चीज नव्हेच. चीज करून झाल्यावर जे पाणी उरतं, आपलं पनीर काढल्यावर उरतं तसं, ते ढवळत तासन् तास आटवायचं. दुधातली साखर तांबूस होते आणि खव्यासारखा गोळा बनतो. १८६३ च्या सुमारास गुडब्रान्सडालच्या आन हॉव या बाईंनी कढईत साय ओतली आणि आजचं मऊ ब्रुनोस्त झालं, असं तिकडे सांगतात. मी साताऱ्याची. पहिला घास घेतला आणि म्हटलं, पेढ्यात मीठ पडलंय.

जाड तुकडा टाळूला चिकटतो, म्हणून कागदासारखे पातळ काप हवेत. थोर ब्योर्कलुन् नावाच्या सुतारानं रंध्यावरून सुचलेली चीजची किसणी १९२५ मध्ये पेटंट केली. तुमच्याकडे ती नसणार, पण बटाट्याचे वेफर्स पाडायची किसणी असेल, ती चालते. गरम ब्रेडवर लोणी, त्यावर दोन काप, वर आंबटसर मुरंबा. नॉर्वेत वॅफलवर खातात, मी घावनावर घालते. आणि मश्रूमच्या रश्श्यात अंगठ्याएवढा तुकडा विरघळवून बघा. रस्सा दाट होतो आणि नक्की काय घातलंय ते कुणाला ओळखता येत नाही. ज्या चीजचं पाणी वापरतात त्यात रेनेट असू शकतं, कडक शाकाहारी असाल तर तेवढं ध्यानात ठेवा.

यात साखर आणि चरबी दोन्ही भरपूर, त्यामुळे ते पेटतंसुद्धा! जानेवारी २०१३ मध्ये उत्तर नॉर्वेतल्या ब्राटली बोगद्यात सत्तावीस टन ब्रुनोस्त नेणारा ट्रक पेटला आणि आग कित्येक दिवस विझेना. कोथरूडला वडी फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे झालं.

प्रश्न : मे महिन्यात सासू-सासऱ्यांना घेऊन लिस्बनला जातोय. तिथलं कुठलं चीज खावं? सासूबाई मासे खातात, पण गाय-वासराचं काही चालत नाही. (एक वाचक, मडगाव)

मग तुमचं काम सोपं आहे. वर सांगितलेल्या काटेरी फुलाचा पोर्तुगालमध्ये फार मोठा वापर आहे. तिथे त्याला कार्दू म्हणतात. सेर्रा द एश्त्रेला हे डोंगरातलं मोठं नाव, पण लिस्बनमध्ये आहात तर तेजू नदीपलीकडचं अझैतांव घ्या. मुठीत मावेल एवढं, मेंढीच्या दुधाचं, कार्दूनं गोठवलेलं. टोपी कापून चमच्यानं खायचं. दोघांना एक पुरतं, उगाच मोठं घेऊ नका.

पोर्तुगीज लोक चीजबरोबर मार्मेलादा खातात, क्विन्स फळाची घट्ट वडी. ती बघून तुम्ही म्हणाल, अहो, ही तर पेराद! पेरूची पेराद त्याच घराण्यातली. मडगावहून निघताना एक डबा बरोबर न्या. गेल्या वर्षी आमच्याकडे एका गोवेकर मित्रानं पेराद आणली आणि अझैतांवबरोबर आम्ही ती संपवली. लिस्बनची मार्मेलादा दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच पडून होती.

प्रश्न : आणलेल्या चीजवर फ्रिजमध्ये बुरशी आली. टाकू की काढून खाऊ? आणि सगळ्या फ्रिजला वास येतो. (एक वाचक, ठाणे)

कडक चीज असेल तर बुरशीच्या सर्व बाजूंनी इंचभर कापून टाका, बाकीचं खा. मऊ असेल तर मोह न धरता टाकून द्या. वासाला उपाय म्हणजे बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. प्लॅस्टिकमध्ये करकचून बांधलं की चीजला घाम सुटतो. एकदा जुलैत मी कोलमारहून मुन्स्टर नावाचं उग्र वासाचं चीज नुसत्या कापडी पिशवीत घालून रेल्वेनं घेऊन आले. शेजारच्या आजी मुलूझपर्यंत कशाबशा बसल्या, मग उठून दुसऱ्या डब्यात गेल्या.

प्रश्न : मुलगी फिनलंडमध्ये शिकते. तिथे खरवस मिळतो असं ती म्हणाली. माझा विश्वास बसला नाही. (एक वाचक, कऱ्हाड)

मुलगी खरं बोलतेय. फिनलंडमध्ये लेइपायुस्तो म्हणून एक चपटं, गोल चीज असतं. नावाचा अर्थ भाकरी-चीज, आणि वरचे भाजल्याचे डाग अगदी भाकरीचे. दातांखाली चुरचुर वाजतं. हे मुळात व्यालेल्या गाईच्या चिकाचं करत, आता बहुतेक साध्या दुधाचं मिळतं. उत्तरेकडे याचे तुकडे कपात टाकून वर गरम कॉफी ओततात, नाहीतर पिवळ्या लाका बेरींच्या मुरंब्याबरोबर खातात. पण तुमची मुलगी म्हणतेय ते बहुधा उनियुस्तो. चीक, थोडं मीठ, आणि भट्टीत भाजायचं. बस्स, एवढंच. मी ओउलूला खाल्लं तेव्हा वरची तपकिरी साय बाजूला केली आणि आतला थरथरणारा पांढरा भाग बघून मला क्षणभर आमचा गोठाच दिसला. गूळ नाही, वेलची नाही. मुलीला पुढच्या वेळी चिक्कीचा नको, साधा गूळ बांधून द्या. किसून वर भुरभुरवला की काम होतं.