मग प्यायचं काय, बाई?

प्रश्न : २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला, तेव्हा लोक पेशंट घरात लपवत होते म्हणे. इतकं अज्ञान?

उत्तर : अज्ञान म्हणू नका हो. सुरुवातीचे फलक काय सांगत होते? इबोलावर औषध नाही, तो जीव घेतो. हे वाचून कोण आईला दवाखान्यात नेऊन सोडेल? त्यापेक्षा घरी तिच्या तोंडात पाणी तरी घालता येतं!

मृतदेहापासून लागण फार होते, म्हणून पांढऱ्या पोशाखातली माणसं यायची, पिशवीत भरून घेऊन जायची. लायबेरियात राजधानी मन्‍रोव्हियाला तर दहनाचा हुकूम निघाला. आणि तिथे रीत पुरायची. लोकांनी मयत लपवली नसती तरच नवल. पुढे पद्धत बदलली. नातेवाइकांना लांब उभं राहून प्रार्थना करू दिली, कबर कुठे ते दाखवलं. मग सिएरा लिओनमध्ये ११७ नंबरवर फोन करून मयत कळवणं लोकांना कमी जड गेलं असावं. तरी गिनी, लायबेरिया, सिएरा लिओन या तीन देशांत ११ हजारांवर माणसं गेली.

मी आरोग्यसेविका होते तेव्हाची गोष्ट. गॅस्ट्रोची साथ. विहिरीवर मीच पाटी लावली, ‘पाणी दूषित आहे, पिऊ नये’. एका आजींनी पाटी वाचून घेतली, कळशी खाली ठेवली नि म्हणाल्या, “मग प्यायचं काय, बाई?” गावात दुसरी विहीर नव्हती. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर माझ्या पिशवीतच होती.