पावसाळ्यात किंगस्नेकच्या पोटावर डाग

प्रश्न : घरी पहिलाच किंगस्नेक, दीड फुटी पिल्लू. आषाढ लागल्यापासून पोटाच्या खवल्यांवर तांबूस डाग आलेत, दहा दिवस खातही नाही. काय चुकतंय?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : ओल. हा साप अमेरिकेतला. त्याला ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरते, आपल्याकडे पावसात ती नव्वदीच्या घरात जाते. आधी पेटीत अंथरलेला नारळाचा भुसा काढा, तो पाणी धरून ठेवतो. त्याजागी वर्तमानपत्राचे तीन-चार थर घाला, ओलसर लागले की त्याच दिवशी बदला. पाण्याचं भांडं लहान, जड आणि थंड बाजूला. झाकण जाळीचं, पण कडी घट्ट. बोटभर फटीतूनही पिल्लू निसटतं. पेटीचं एक टोक ३० अंश सेल्सिअस, दुसरं, थंड टोक २४-२६. हीटिंग मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, थर्मोस्टॅटशिवाय (तापमान आपोआप आवरणारं उपकरण) मुळीच नको, पोट भाजतं.

डोळे निळसर दिसतायत? मग कात येतेय, उपास त्याचाच. एरवी पाच-सात दिवसांनी उंदराचं एक पिल्लू, सापाच्या जाडीएवढंच. नंतर ४८ तास हात लावू नका. डाग वाढले, फोड आले किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ लागला तर घरगुती लेप लावत बसू नका, थेट पशुवैद्य गाठा. आणि सोबतीला दुसरा साप आणायचा विचार असेल तर सोडा. हा त्यालाच गिळेल.