एकाच चुलीवरचं खातो, मंग मीच काऊन जाड?

प्रश्न : ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली, वय 34. मी अन् माझी जाऊ एकाच चुलीवरचं खातो, निंदण असो का कापूस वेचणं, संगच वावरात जातो, तरी तिचं वजन 46 अन् माझं 74. माझी माय अशीच, मामा बी असेच. सासूबाई म्हणतात लपून खात असशील, लय लागते मनाला. टीव्हीवर सांगत होते का उंदरावर प्रयोग करून जाडीचं कारण सापडलं. उंदराचा न आपला काय संबंध? हे खरंच रक्तात असते का?

उत्तर : बाई, तुम्ही लपून खात नाही हे मी मानते, आणि पुढचं सासूबाईंना वाचून दाखवा.

उंदराचं असं की 1949 मध्ये अमेरिकेत बार हार्बर गावच्या जॅक्सन प्रयोगशाळेत साध्या आईबापाच्या पोटी काही भयंकर जाड उंदीर जन्मले, खात सुटायचे, थांबायचेच नाहीत. पुढे डग्लस कोलमन या शास्त्रज्ञाने असा एक जाड उंदीर नि एक साधा उंदीर कुशीला कूस लावून शिवला, म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्यात जाईल, तर जाड उंदराचं खाणं कमी झालं. म्हणजे साध्या उंदराच्या रक्तात 'आता पुरे' सांगणारं काहीतरी होतं. ते काय हे 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमने शोधलं, लेप्टिन नावाचं हार्मोन, आणि ते तयार कुठं होतं तर आपल्या चरबीतच. कणगी भरलेली आहे असा निरोप चरबी मेंदूला धाडते. त्या उंदरांचं लेप्टिनचं जीनच, म्हणजे आईबापाकडून येणारी लेप्टिन बनवायची सूचनाच, बिघडलेलं, निरोप जातच नव्हता, मेंदूला वाटे दुष्काळ पडलाय, म्हणून खा आणि शक्ती राखून ठेव.

हेच माणसात सापडलं 1997 मध्ये. इंग्लंडमधली दोन चुलत भावंडं, त्यातली मुलगी 8 वर्षांची आणि वजन 86 किलो, बाहेरून लेप्टिनचं इंजेक्शन दिल्यावर तिची भूक आवरली, वजन उतरलं. किती वर्षं त्या लेकरांच्या आईबापाला लोकांनी बोल लावला असेल याचा विचार करून मला आजही वाईट वाटतं. पण हा बिघाड फार म्हणजे फार दुर्मिळ, बहुतेक जाड माणसांत लेप्टिन उलट भरपूर असतं, मेंदू ते नीट ऐकत नाही, म्हणून ते इंजेक्शन सगळ्यांना चालत नाही.

तुमच्यासारख्यांत एक जीन नसतं, शेकडो असतात, प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा. 2007 मध्ये सापडलेलं एफटीओ नावाचं जीन घ्या, त्याचा जाडीकडे नेणारा प्रकार आई आणि बाप दोघांकडून आला तर वजन सरासरी 3 किलोच जास्त. पण असं सगळं मिळून, माणसामाणसांत वजनाचा जो फरक दिसतो त्यातला 40 ते 70 टक्के वाटा अनुवंशाचा, असं जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं. तुमची जाऊ दुसऱ्या आईबापाची लेक आहे हो, चूल एक झाली म्हणून शरीर एक कसं होईल!

मला सगळ्यात पटणारा प्रयोग 1990 मधला, कॅनडात क्लोद बुशार यांनी केलेला. हुबेहूब जुळ्या तरुणांच्या 12 जोड्या, प्रत्येकाला 84 दिवस रोज 1000 कॅलरी जास्तीच्या खाऊ घातल्या, सगळ्यांना सारख्याच. कुणाचं वजन 4 किलो वाढलं तर कुणाचं 13, पण जुळ्या भावांचं बऱ्यापैकी एकसारखं वाढलं आणि चरबीही साधारण एकाच जागी साचली.

मग हातात काहीच नाही का, तर तसं नाही. अंगमेहनत करणाऱ्यात एफटीओचा परिणाम पाव हिश्शाहून जास्त कमी दिसतो, तुम्ही मेहनत करताच, पण वावरात काम नसतं त्या उन्हाळ्याच्या महिन्यांत चालणं सोडू नका, दिवसभराच्या चहातली साखर मोजा. वजन अलीकडे एकदम वाढलं असेल तर थायरॉइड तपासा. आणि आशाताईंकडून कमरेचं माप घ्या, बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या वर असेल तर उपकेंद्रात शुगर-बीपी बघून घ्या. जावेइतकं 46 किलो व्हायचा ध्यास मात्र सोडा.

प्रश्न : मी दर्यापूरकडचा, वय 29, अगदी लुकडा, तरी शुगर निघाली. जाड लोकांचा आजार मला कसा?

उत्तर : भाऊ, काटा वजन सांगतो, चरबी नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात छापला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या 21.2. आपल्याकडे बरीच माणसं अशीच, हातपाय काडीसारखे, स्नायू कमी आणि चरबी पोटात. यात अनुवंश आहे आणि आईच्या पोटात असतानाचं कुपोषणही आहे. पण लुकड्या तरुणात टाइप वन शुगरही असू शकते आणि तिला इन्सुलिनच लागतं, म्हणून तुमचा प्रकार कोणता ते फिजिशियनकडून पक्कं करून घ्या, तोवर औषध मनाने बंद करू नका आणि उपाशी राहू नका.