जीवाणू पसरलेल्या अगरमध्ये (जेलीसारख्या पोषक माध्यमात) भोक पाडून वनस्पतीचा अर्क घातला, पण अर्काभोवती झोन (जीवाणू न वाढलेलं मोकळं कडं) आला नाही, म्हणजे त्या वनस्पतीत जीवाणूरोधक गुण नाहीत का?

नाही, नुसत्या झोनवरून तसं म्हणता येत नाही. झोन किती मोठा येतो हे घटक किती मारक आहे यावर जेवढं ठरतं, तेवढंच तो अगरमध्ये किती पसरतो यावरही. अगर म्हणजे बहुतांशी पाणी. हेक्झेनमध्ये (पाण्यात न मिसळणाऱ्या द्रावकात) काढलेल्या अर्कातली तेलकट टर्पीन त्यात पुढे सरकतच नाहीत, भोकाच्या काठाशीच अडून बसतात. म्हणून ब्रॉथमध्ये (पातळ पोषक द्रवात) एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारी अर्काची कमीत कमी मात्रा, काढा. 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये अर्क दर खळग्याला निम्मा करत न्या, जीवाणू घाला, 37 अंशांवर 16 ते 20 तास ठेवा आणि मग रेझाझुरिन हा निळा रंग टाका. निळं राहिलं तर वाढ थांबली, गुलाबी झालं तर जीवाणू जिवंत आहेत. (काही फिनॉलयुक्त अर्क एकटेच रेझाझुरिन गुलाबी करतात, त्यामुळे जीवाणू न घातलेला अर्काचा एक खळगा हवाच.) अर्क विरघळवायला वापरलेल्या डीएमएसओ या द्रावकाचा कंट्रोलही (अर्काशिवाय फक्त द्रावक आणि जीवाणू) विसरू नका, जास्त झाला तर तोच जीवाणूंची वाढ रोखतो. आणि फक्त ई. कोलायवर तपासलं असेल, तर स्टॅफिलोकॉकस ऑरियसही घ्या. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंचं बाहेरचं आवरण बरेच वनस्पतिज घटक आत येऊच देत नाही.

मात्र एमआयसी मिलिलिटरला 5-10 मिलिग्रॅम आली तर हुरळून जाऊ नका. प्रतिजैविकांचे आकडे बहुधा मायक्रोग्रॅममध्ये असतात, आणि इतक्या दाट अर्कात टॅनिनसुद्धा (वनस्पतीतले तुरट घटक) प्रथिनांना चिकटून वाढ थांबवतात.